गाजर गवत आणि पुण्याची कातडी : एका वावड्याचं प्रकरण

१९५५ साली पुण्यातल्या उकिरड्यांवर आणि पडीक जागांत एक अनोळखी झुडूप दिसू लागलं. पानं गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, शेंड्याला बारीक पांढऱ्या फुलांचे घोस, उंची कुठे गुडघाभर तर कुठे माणसाच्या खांद्यापर्यंत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद छापली : पार्थेनियम हिस्टेरोफोरस, भारतासाठी नवी वनस्पती. मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश आणि दक्षिण अमेरिका हे तिचं मूळ घर. त्या घटकेला हा विषय फक्त वनस्पतिशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा होता. पुढे १९७२ मध्ये लोणकर आणि जोग यांनी त्वचारोगतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय वार्तापत्रात याच झुडपामुळे होणाऱ्या त्वचारोगावर टिपण लिहिलं, तेव्हा त्यांना मथळ्यातच 'साथ' म्हणावं लागलं.

या दोन नोंदींमध्ये सोळा वर्षं गेली. गवत पहिल्या दिवसापासून तेच होतं, त्यातलं रसायनही तेच होतं, मग त्वचारोग इतक्या उशिरा का उसळला? ॲलर्जी कशी घडते हे समजून घ्यायला मला याहून चांगलं प्रकरण माहीत नाही. धूळ, शेंगदाणा, मासे यांच्याशी आपली गाठ लहानपणीच पडते, त्यामुळे वावडं नेमकं केव्हा सुरू झालं याचा माग काढता येत नाही. इथे मात्र एक संपूर्ण शहर एका नव्या वनस्पतीला पहिल्यांदा भेटलं आणि त्या भेटीचा काळ आपल्याला ठाऊक आहे.

गवत आलं कसं, याबद्दल महाराष्ट्रात एकच कथा सांगितली जाते : अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्यमदत योजनेतला गहू आला आणि त्यातून बी आलं. बी गव्हातून आलं असणं अगदी शक्य आहे, पण तारखा थोड्या अडतात. भारताने पीएल-४८० चा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये केला आणि झुडूप तर त्याआधीच पुण्यात उगवलं होतं. अर्थात १९५१ च्या गहू-कर्जातूनही अमेरिकी धान्य येत होतंच. कुठल्या जहाजातून आलं या वादात मला फारसं स्वारस्य नाही. महत्त्वाचं हे की आल्यावर त्याला इथे आवर घालणारं काही नव्हतं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. त्याचा रस आजूबाजूच्या रोपांची वाढ खुंटवतो. उगवल्यापासून साधारण महिन्याभरात ते फुलावर येतं, एकेका झाडाला पंधरा ते पंचवीस हजारांपर्यंत बिया धरतात आणि ओल असेल तर वर्षात त्याच्या अनेक पिढ्या होतात. रेल्वेच्या कडा, कालव्याचे काठ, बांधकामासाठी अडवून ठेवलेले प्लॉट, शेताचे बांध सगळीकडे ते पसरलं. लोकांनी त्याला गाजर गवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी अशी नावं दिली. म्हणजे साठच्या दशकात पुण्याच्या आसपास राहणारा, उघड्यावर काम करणारा माणूस वर्षाचे कित्येक महिने या गवताच्या कणांत वावरत होता.

डॉक्टरांपुढे काय येऊन बसलं

या रोगाचा रुग्ण कसा दिसतो, ते नीट सांगायला हवं, कारण अर्धं निदान तिथेच आहे. तो बहुधा मध्यमवयीन पुरुष असतो. शेतकरी, माळी, गवंडी, रस्त्यावर काम करणारा. स्त्रियांमध्ये हा त्रास त्या मानाने कमी आढळतो, लहान मुलांमध्ये तर क्वचितच. सुरुवात डोळ्यांभोवती होते. सकाळी पापण्या सुजलेल्या, लाल, खाजणाऱ्या. मग गाल, कपाळ, मानेच्या दोन्ही बाजू, सदऱ्याच्या उघड्या गुंडीखालचा त्रिकोण. तिथून कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या खोबणी, जिथे घाम साचतो आणि घामाबरोबर धूळही साचते. कातडीला पाणी सुटतं, खपल्या धरतात, खाजवून खाजवून ती जाड आणि काळपट होते. कपाळावरच्या घड्या इतक्या खोल होतात की माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसावा.

पहिल्या एक-दोन वर्षांत हा त्रास उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात येतो आणि थंडीत ओसरतो. म्हणून घरचे म्हणतात, उष्णता आहे. शेजारी म्हणतो, नायटा आहे. रुग्ण स्वतः म्हणतो, ऊन सोसत नाही. औषधाच्या दुकानातून कुणीतरी सुचवलेलं मलम येतं. त्यात बहुतेक वेळा तीव्र स्टेरॉइड असतं, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध. चार दिवसांत चेहरा निवळतो, मलम बंद केलं की दुप्पट भडकतो. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं आणि तोवर चेहऱ्याची कातडी पातळ होऊन रक्तवाहिन्या दिसू लागतात. स्टेरॉइडचं मलम हे या रोगातलं मोलाचं औषध आहे. पण ते तज्ज्ञाने दिलेल्या ताकदीचं आणि ठरवलेल्या मुदतीचं हवं. दुकानदाराच्या सल्ल्याने चेहऱ्यावर महिनोन्महिने फासलेलं मलम हा दुसरा रोगच आहे, आणि या प्रकरणात त्याने केलेलं नुकसान गवताच्या नुकसानाला लागूनच मांडायला हवं.

ऊन की हवेतली धूळ, याची उकल चेहरा बारकाईने पाहिला तर पुष्कळशी होते. निव्वळ उन्हामुळे होणाऱ्या रोगात सावलीतल्या जागा वाचतात : वरच्या पापणीची खोबण, हनुवटीखालचा भाग, कानामागचा छोटा त्रिकोण. हवेतून उडत येणाऱ्या कणांना सावली-उन्हाशी कर्तव्य नसतं, ते नेमके याच कोपऱ्यांत जाऊन बसतात. पापण्या, हनुवटीखाली आणि कानामागे इसब असेल, तर डॉक्टरने रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न हाच की कामावर जायच्या वाटेवर काय उगवलं आहे.

लोणकर यांनी नंतर कॅनडाचे मिचेल आणि लंडनचे कॅलनन यांच्याबरोबर १९७४ मध्ये या रोगाचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. मिचेल हे वनस्पतींमुळे होणाऱ्या त्वचारोगांचे जाणकार. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांमध्ये रॅगवीड नावाच्या तणामुळे याच तऱ्हेचा चेहऱ्या-मानेचा इसब होतो, हे त्या वर्तुळाला माहीत होतं. गाजर गवत आणि रॅगवीड एकाच कुळातले, सूर्यफुलाच्या कुळातले. पुण्यातला रोग म्हणजे कुठला तरी गूढ ताप नाही, ओळखीच्या घराण्यातल्या नव्या झाडाने केलेला जुनाच प्रकार आहे, हे कळल्यावर पुढचं काम रसायनशास्त्राकडे गेलं.

कातडीच्या आत काय घडतं

गाजर गवताच्या देठावर, पानांवर, फुलोऱ्यावर सूक्ष्म लव असते. तिच्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य साठलेलं असतं. हा सेस्क्विटर्पीन लॅक्टोन गटातला रेणू आहे. पंधरा कार्बन, अठरा हायड्रोजन, चार ऑक्सिजन, म्हणजे रेणुभार जेमतेम २६२. एवढी लहान वस्तू कातडीच्या वरच्या थरातून सहज आत उतरते. गवत वाळलं तरी पार्थेनिन नासत नाही. उलट वाळलेली लव तुटून धुळीत मिसळते आणि वाऱ्यावर उडते. म्हणून फुलं नसतानाही त्रास होतो, आणि बांधावर कापून टाकलेला वाळका ढीग उभ्या गवताइतकाच घातक ठरतो.

इथे एक विरोधाभास दिसेल. आपली प्रतिकारशक्ती मोठ्या रेणूंची, प्रामुख्याने प्रथिनांची दखल घेते. २६२ रेणुभाराच्या कणाकडे ती ढुंकूनही पाहत नाही. मग पार्थेनिनने एवढा गहजब का होतो? कारण त्याच्या रचनेला एक क्रियाशील टोक आहे. ते टोक कातडीतल्या प्रथिनांवरच्या गंधकयुक्त जागांना पक्कं जोडलं जातं, धोतरात कुसळ अडकावं तसं, आणि मग सुटत नाही. आता ते प्रथिन शरीराचं स्वतःचं उरत नाही, परकंही म्हणता येत नाही. प्रतिकारशक्तीला ते बदललेलं प्रथिन दिसतं, आणि तिचा आक्षेप त्यालाच असतो.

कातडीच्या वरच्या थरात फांद्या पसरलेल्या पेशी असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने त्या १८६८ मध्ये प्रथम पाहिल्या, आणि त्याला त्या मज्जातंतूंच्या वाटल्या. त्यांचं खरं काम कळायला शंभर वर्षं लागली. या पेशी आणि त्यांच्या खालच्या थरातल्या भाऊबंद पेशी बदललेली प्रथिनं उचलतात आणि जवळच्या लसीका ग्रंथीत नेऊन टी पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींना दाखवतात. लाखो टी पेशींतल्या काही थोड्या नेमक्या त्या आकाराला जुळतात. त्यांची संख्या वाढते, आणि त्यांतल्या कित्येक स्मृतिपेशी बनून कातडीत आणि रक्तात वर्षानुवर्षं राहतात. या सगळ्याला प्रबळ रसायनाच्या बाबतीत दहा-पंधरा दिवस पुरतात. या काळात बाहेर काहीही दिसत नाही. खाज नाही, लाली नाही, काहीच नाही.

पुण्याच्या सोळा वर्षांचा खुलासा माझ्या मते इथेच आहे. एखाद्याला वावडं जडेल की नाही, हे दर चौरस सेंटिमीटर कातडीवर किती रसायन पडतं आणि किती वेळा पडतं, यावर खूप अवलंबून असतं. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या डीएनसीबी या प्रबळ रसायनावर ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत मात्रा वाढवत नेली तेव्हा अखेर सर्वच निरोगी स्वयंसेवकांना त्याची ॲलर्जी जडली. म्हणजे ॲलर्जी हा फक्त नाजूक प्रकृतीच्या लोकांचा प्रश्न आहे, ही समजूत खरी नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतो, आधीच फाटलेल्या, भेगाळलेल्या कातडीचाही असतो. पण पुरेशी मात्रा, पुरेशा वेळा मिळाली तर धट्टीकट्टी माणसंही त्या जाळ्यात येतात. उकिरड्यावरच्या दोन-चार झाडांनी ती मात्रा दिली नाही. शहराभोवती मैलोन्मैल पसरलेल्या गवताने दिली. मुलांना हा रोग क्वचित का होतो आणि चाळिशी-पन्नाशीतल्या, आयुष्यभर उघड्यावर राबलेल्या माणसाला का होतो, तेही यातूनच बरंचसं समजतं. 'इतकी वर्षं हेच गवत उपटतोय, कधी काही झालं नाही, म्हणजे गवताचा दोष नसणार' असं रुग्ण सांगतो, तेव्हा त्याला शांतपणे समजावून सांगावं लागतं की इतकी वर्षं उपटलं, म्हणूनच.

एकदा स्मृतिपेशी तयार झाल्या की पुढचा प्रत्येक संपर्क वेगळा असतो. आता अगदी थोडी धूळ पुरते. टी पेशी तिथे जमतात, इंटरफेरॉन-गॅमासारखी द्रव्यं सोडतात, इतर पेशींना बोलावतात. कातडीच्या पेशींमध्ये पाणी साचतं, बारीक फोड येतात. याला साधारण एक ते तीन दिवस लागतात. सोमवारी बांधावरचं गवत काढलं आणि बुधवारी डोळे सुजले, तर माणूस मंगळवारी रात्री खाल्लेल्या वांग्याला दोष देतो. हा उशीर रोगाच्या निदानातली सगळ्यात मोठी अडचण आहे.

त्याच गवताचं दुसरं वावडं

गाजर गवत आणखी एका वाटेने माणसाला छळतं आणि ती वाट पूर्णपणे निराळी आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पी. व्ही. सुब्बा राव यांच्या गटाने या गवताच्या परागकणांचा अभ्यास केला. पराग नाकात गेल्यावर काही लोकांना काही मिनिटांत शिंकांची सर येते, नाक गळतं, डोळे चुरचुरतात, काहींना दमा उठतो. इथे गुन्हेगार पार्थेनिन नाही, परागातली प्रथिनं आहेत. आणि प्रतिक्रिया टी पेशींच्या संथ चालीने येत नाही, आयजीई नावाच्या प्रतिपिंडाने येते.

हे प्रतिपिंड मास्ट पेशींच्या अंगावर चिकटून वाट बघत असतात. ठरावीक प्रथिन आलं की मास्ट पेशी फुटतात आणि हिस्टामिन बाहेर पडतं. नाकात शिंका, कातडीवर गांधी, श्वासनळीत घरघर, आणि फार तीव्र असेल तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतणारा प्रसंग. आपण 'अंगावर पित्त उठलं' म्हणतो, त्या गांधी बहुतेक वेळा हिस्टामिनच्याच असतात. त्या तासाभरात उठतात आणि दिवसभरात मावळतात. इसब दोन दिवसांनी येतो आणि आठवडे हटत नाही.

हा फरक माणसांनी किती कष्टाने शोधला, ते सांगायचा मोह आवरत नाही. १९२१ मध्ये ब्रेसलाऊ शहरात कार्ल प्राउसनिट्झ याने आपला सहकारी हाइन्झ क्युस्टनर याच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. क्युस्टनरला माशांचं वावडं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला तेव्हा प्राउसनिट्झच्या कातडीवर गांध उठली. वावडं रक्तद्रवातून दुसऱ्याकडे जातं, हे सिद्ध झालं. तो द्रवातला पदार्थ म्हणजे आयजीई, हे कळायला १९६० च्या दशकाचा शेवट उजाडला. इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहानसन व बेनिश यांनी स्वीडनमध्ये ते शोधलं. पण इसबाच्या वावड्याला रक्तद्रवाचा हा नियम लागूच पडेना. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी दाखवलं की गिनीपिगमधलं हे वावडं द्रवाने नाही, जिवंत पांढऱ्या पेशींनीच दुसऱ्याकडे जातं. एकाच झाडाच्या दोन ॲलर्जी, एक द्रवात राहणारी, एक पेशींत.

व्यवहारात याचा अर्थ असा : शिंकांवर चालणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या हिस्टामिनला अडवतात. गाजर गवताच्या इसबात त्यांनी थोडी गुंगी येते, झोप लागते, खाज जरा कमी वाटते, पण मूळ आग विझत नाही. आणि रक्तातलं आयजीई मोजून या इसबाचं निदान होत नाही. महागड्या रक्तचाचण्यांच्या लांबलचक याद्या घेऊन रुग्ण येतात, त्यात दूध, गहू, झुरळ, सगळं असतं, आणि उपयोगाचं काहीच नसतं. मला याची चीड येते, कारण खरी चाचणी साधी आणि स्वस्त आहे.

पाठीवरच्या पट्ट्या

ती चाचणी म्हणजे पॅच टेस्ट. योसेफ याडासोन याने १८९५ मध्ये मांडलेली ही पद्धत. संशयित पदार्थांच्या छोट्या मात्रा पाठीवर पट्ट्यांखाली चिकटवतात, दोन दिवस पाठ भिजू देत नाहीत, मग पट्ट्या काढून लाली आणि फोड आहेत का ते पाहतात, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा पाहतात. भारतीय रुग्णांसाठी जो ठरावीक संच वापरतात, त्यात गाजर गवत असतंच. घरी स्वतःच पान चोळून चाचणी करू नये : मात्रा हाताबाहेर जाते, आणि वावडं नसलेल्याला ते जडवण्याचा धोकाही राहतो. रोग भडकलेला असताना किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना चाचणी फसते, म्हणून ती कधी करायची ते डॉक्टरने ठरवायचं.

चाचणीत अनेकदा आणखी नावं निघतात. पार्थेनिनशी जुळणारे लॅक्टोन सूर्यफुलाच्या कुळात सर्वत्र विखुरलेले आहेत. शेवंती, डेलिया, सूर्यफूल, बांधावरचं शंकेश्वर, यांपैकी कशानेही तीच स्मृती चाळवू शकते. पुणे जिल्ह्यात शेवंती पिकवणाऱ्याला किंवा सणासुदीला हार गुंफणाऱ्याला हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर गवतापासून दूर राहूनही त्रास का थांबत नाही, हे कोडं उलगडत नाही.

मग ऊनही वैरी होतं

या प्रकरणातला सर्वांत दुःखद भाग हा आहे. काही वर्षं रोग रेंगाळला की काही रुग्णांचं रूप बदलतं. पापण्या आणि कानामागची जागा सुटते, आणि उघड्या जागा, कपाळ, गाल, मानेची मागची बाजू, हाताचे पंजे, भडकतात. आता रुग्ण म्हणतो की ऊन सोसत नाही, तेव्हा ते खरंच असतं. प्रकाशाच्या चाचणीत त्याची कातडी साध्या मात्रेच्या अतिनील किरणांनीही सुजते. दिल्लीच्या एम्समधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हवेतून येणाऱ्या इसबाचं असं प्रकाश-इसबात रूपांतर होताना नोंदवलं आहे. निरोगी माणसात ऊन कातडीची प्रतिकारशक्ती थोडी मंदावतं. या रुग्णांत ते मंदावणं होत नाही आणि उन्हाने बदललेली स्वतःचीच प्रथिनं शरीर परकी मानू लागतं, असं मानलं जातं. खिडकीच्या काचेतून अतिनीलचा लांब पल्ल्याचा भाग आत येतो, त्यामुळे घरात बसूनही कुणाची सुटका होत नाही.

थोड्या रुग्णांत इसब सर्वांगावर पसरतो. नव्वद टक्क्यांहून जास्त कातडी लाल होऊन खपल्या सुटू लागल्या की तो मग फक्त कातडीचा आजार उरत नाही. अंगातली उष्णता, पाणी आणि प्रथिनं कातडीतून वाहून जातात. थंडी वाजते, पायांवर सूज येते, जंतुसंसर्गाला दार उघडं मिळतं, आणि वयस्क माणसाच्या हृदयावर इतका ताण येतो की ते थकतं. अशा रुग्णाला रुग्णालयातच हलवायला हवं. 'ॲलर्जीच तर आहे' हे वाक्य इथे जीव घेऊ शकतं. आणि हे टोक गाठलं नाही तरी, रात्रभर खाजवत बसणाऱ्या माणसाची झोप, चिडचिड, कामाचे बुडलेले दिवस, 'याला काहीतरी लागण झाली आहे' म्हणून दूर सरकणारे शेजारी, हेही आजाराचंच अंग आहे. हा रोग एकाकडून दुसऱ्याला होत नाही. त्या रुग्णाच्या शेजारी बसायला, त्याच्याबरोबर जेवायला काहीच हरकत नाही.

उपचार आणि त्यांची हद्द

भडका उडाला की स्टेरॉइड मलम आणि गरज पडली तर थोड्या दिवसांच्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. पण गोळ्या वर्षानुवर्षं चालवल्या तर हाडं ठिसूळ होतात, साखर आणि रक्तदाब चढतो. म्हणून जुनाट रोगात अझाथायोप्रिन वापरतात, ते टी पेशींची वाढ रोखतं. एम्समध्ये ते रोज देण्याऐवजी आठवड्यातून एकदा मोठ्या मात्रेत देऊनही पाहिलं गेलं. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि रक्तपेशी व यकृताच्या चाचण्या नियमित कराव्याच लागतात. कुणाला मेथोट्रेक्झेट, कुणाला सायक्लोस्पोरिन. यातलं कुठलंही औषध स्मृतिपेशी पुसून टाकत नाही, त्यांना फक्त गप्प ठेवतं.

स्मृती पुसता येईल का, याचाही प्रयत्न झाला. गवताचा अर्क हळूहळू वाढत्या मात्रेने पोटात द्यायचा. भारतातल्या काही त्वचारोगतज्ज्ञांनी हे करून पाहिलं. काहींना आराम पडला, काहींचा रोग उलट भडकला. त्याची मर्यादा मेरिल चेसच्या १९४६ च्या प्रयोगात दिसते. गिनीपिगना एखादं रसायन आधी खाऊ घातलं आणि मग कातडीला लावलं, तर वावडं जडलं नाही. पोटातून आलेली वस्तू शरीर सोसायला शिकतं. पण हा क्रम आधीच उलटा झालेला असेल, कातडीने आधीच शिकून घेतलेलं असेल, तर मागाहून खाऊ घालून ते विसरवणं फार कठीण. हे वाचून कुणी गाजर गवताचा काढा घरी करू नये, एवढं कळकळीचं सांगणं.

उरतो तो संपर्क तोडण्याचा मार्ग. जमीन सोडून जा असं शेतकऱ्याला सांगणं म्हणजे उपचार सांगणं नव्हे. पण पुष्कळ काही शक्य असतं. पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या, डोक्या-मानेला उपरणं. वारा सुटण्याआधी सकाळी लवकर काम. घरी आल्याबरोबर अंघोळ, आणि शेतातले कपडे घरात न झटकता थेट धुवायला. झोपायच्या खोलीजवळचं, गोठ्याभोवतीचं आणि कामाच्या वाटेवरचं गवत आधी साफ, आणि ते काम रुग्णाने स्वतः करायचं नाही.

गवताच्या बाजूनेही उपाय झाले आहेत. कर्नाटकाने १९७५ मध्ये त्याला कायद्याने उपद्रवी तण ठरवलं. बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेने १९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा बायकलराटा हा भुंगा आणला आणि चाचण्यांनंतर १९८४ पासून सोडला. तो आणि त्याच्या अळ्या या गवताची पानं फस्त करतात. पहिल्या पावसानंतर जमिनीतून वर येतात आणि हिवाळ्यात पुन्हा मातीत जाऊन पडून राहतात. जून-जुलैमध्ये पिवळट पाठीवर काळ्या रेघा असलेले हे किडे गवतावर दिसले तर त्यांच्यावर फवारणी करू नये, हे गावोगाव पोहोचायला हवं. टाकळ्याचं बी पावसाच्या तोंडाशी पेरलं तर त्याची दाट वाढ गाजर गवताला दाबते. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दर ऑगस्टमध्ये या गवताविरुद्ध जागृती सप्ताह घेतं. माझ्या मते ग्रामपंचायतींनी आणि सोसायट्यांनी ऑगस्टपर्यंत थांबू नये. पहिल्या दोन-तीन पावसांत माती मऊ असते, रोप मुळासकट येतं आणि अजून फुलावर आलेलं नसतं. तेव्हा हातमोजे घालून, ज्यांना वावडं नाही अशा माणसांनी ते उपटायचं, ओलं असतानाच खड्ड्यात घालून मातीखाली झाकायचं. फुलं आल्यावर उपटलं तर बी त्याच हाताने पेरलं जातं. आणि कापून बांधावर वाळत टाकलं, तर पार्थेनिन धुळीबरोबर शेजारच्या वाड्यापर्यंत जातं.

ज्यांना पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या खोबणीत दर उन्हाळ्या-पावसाळ्यात इसब उठतो, त्यांनी पुढचं मलम घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्टची विचारणा करावी. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या मलमांच्या रिकाम्या नळ्या आणि गेल्या आठवड्यात रोज कुठे, काय काम केलं याची एक कागदी यादी सोबत न्यावी. दोन-तीन दिवस मागे जाऊन पाहिल्याशिवाय या रोगाचं कारण सापडत नाही, आणि ती यादी डॉक्टर स्वतः लिहू शकत नाही.